तास मोजले, समज कोण मोजणार?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं सुरू झाली. तींत नांव घालणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यानें वर्षाला १२० प्रमाणें दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावी, असा नियम आहे. नियम चांगला, परंतु मोजले जातात ते तास, समज कोणी मोजीत नाहीं.

आमच्या शाळेंतून कॉलेजांत गेलेला एक मुलगा असें प्रमाणपत्र घेऊन गांवीं आला. ग्रामसभेंत नळाच्या खर्चाचा हिशेब वाचला गेला, तेव्हां हा मागें गप्प बसला. उठली ती एक निरक्षर कुंभारीण. "नळ तर कोरडाच, मग पैसा वाहिला कोठें?" असें तिनें विचारलें.

दोष मुलाचा नाहीं. त्याला झाडें लावावयास शिकविलें, हिशेब मागावयास नाहीं. अठराव्या वर्षीं मत देण्याचा हक्क १९८९ सालीं मिळाला, माहिती मागण्याचा २००५ सालीं. हे हक्क त्याला वापरतां येतात कीं नाहीं, हीच खरी परीक्षा. कॉलेजांनीं ती घ्यावी: गांवचें अंदाजपत्रक विद्यार्थ्याच्या हातीं द्यावें व त्यानें तें ग्रामसभेस समजावून सांगावें.

बंधुभगिनींनो, तुम्हीही नुसतें प्रमाणपत्र पाहूं नका. पंचायतीचा हिशेब पुढें ठेवा व "वाचून दाखव" म्हणा. पोटाला चिमटा घेऊन फी भरतां, ती एवढ्याचसाठीं.

एक खेडवळ शिक्षक