आधी जबाब, मग अर्ज

अमान्य दाव्यांची यादी ग्रामपंचायतीत लागते तेव्हा कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बहुधा एकच शेरा असतो : ‘पुराव्याअभावी अमान्य’. वनहक्काच्या कामातल्या प्रत्येकाने अशी यादी पाहिली आहे. या शेऱ्याविरुद्ध मोर्चे निघाले, निवेदने गेली, अपिले झाली. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनदाव्यांचा निपटारा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. पुढच्याच वर्षी, 13 फेब्रुवारी 2019 रोजी, दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि या शेऱ्याचे वजन देशाला कळले. दावे फेटाळताना कायद्याची प्रक्रिया पाळली गेली होती का, हा प्रश्न पुढे आल्यावर 28 फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. तो प्रश्न आजही मिटलेला नाही. पण या वेळी आम्हाला बोलायचे आहे ते फाईल जिथून निघते त्या टोकाबद्दल, म्हणजे गावाबद्दल आणि गावात बसून फाईल तयार करणाऱ्या आपल्याबद्दल.

वनहक्क नियमांतल्या नियम 13 ने पुराव्यांची यादी मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. शिधापत्रिका, घरपट्टी, जुने नकाशे तर आहेतच. शिवाय बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ, संस्थानकाळातल्या नोंदी आणि दावेदार सोडून गावातल्या इतर ज्येष्ठांचा लेखी जबाब, हे सगळे पुरावेच आहेत. ज्यांच्या पूर्वजांना कागद कधी मिळालाच नाही, त्यांच्यासाठी शेवटची तरतूद सर्वांत मोलाची. आणि आपल्या फायलींत सर्वांत दुबळा कागद नेमका तोच असतो.

हा कागद बहुतेक ठिकाणी आधीच छापून किंवा झेरॉक्स काढून ठेवलेला असतो. ‘मी वरील दावेदारास लहानपणापासून ओळखतो. सदर जमीन तो व त्याचे वडील पूर्वीपासून कसत आहेत. करिता जबाब लिहून दिला.’ खाली अंगठा. गावातल्या साठ दाव्यांना हाच मजकूर आणि त्याच दोन म्हाताऱ्यांचे अंगठे. असा जबाब वाचून उपविभागीय समितीतल्या एखाद्या सहृदय अधिकाऱ्यालाही काय ठरवता येणार?

आता समजा, तोच म्हातारा त्याच्या पद्धतीने बोलला : ‘मोहाच्या जोडझाडांपासून खालच्या ओढ्यापर्यंत याचा बाप राब भाजून नागली लावायचा. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघे खडी फोडायला जायचो, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वरचा दगडी बांध घातला. नंतर गार्डाने त्याची औते उचलून नेली, दंड भरून सोडवून आणली.’ या तीन वाक्यांत चतुःसीमा आली, पीक आले, काळ आला, आणि तपासता येतील अशा तीन गोष्टी आल्या. जोडझाडे व बांध स्थळपाहणीत दिसतील. दंडाची पावती किंवा गुन्ह्याची नोंद घरात नसली तरी वन विभागाकडे मागता येईल. समित्यांनी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असे नियमच सांगतो. चांगला जबाब दुसरा पुरावा कुठे शोधायचा हेही सांगून जातो. विदर्भात जबरानजोतीबद्दल झालेली शिक्षा, रायगडात दळीच्या जुन्या नोंदी, जव्हारसारख्या संस्थानी मुलखातले दप्तर, यांचा माग अनेकदा म्हाताऱ्यांच्या बोलण्यातूनच लागतो. ज्या कागदाने माणसाला अतिक्रमणदार ठरवले, तोच त्याचा ताबा सिद्ध करतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ऐतिहासिक अन्याय झाल्याचे खुद्द कायद्याच्या उद्देशिकेत मान्य असताना पुराव्याचे ओझे पुन्हा आदिवासींच्याच डोक्यावर का? तत्त्व म्हणून आक्षेप बरोबर आहे. दप्तर सरकारकडे आहे, ते ग्रामसभेला पुरवणे हे सरकारचेच काम आहे, आणि ते आपण मागत राहिलेच पाहिजे. पण जबाबाचे तसे नाही. कायद्याने तो लिहिण्याचे काम गावाकडे दिले आहे. ती जागा आपण छापील मजकुराने भरली, तर गावाच्या हातात आलेला अधिकार आपणच वाया घालवतो.

जबाब कच्चा राहिला की निकाल उपग्रहाच्या छायाचित्रावर जातो. डोंगरउतारावरची वरकस जमीन काही वर्षे नागली, वरई, खुरासणी घेऊन मग पडीक टाकतात. पडीक वर्षाच्या चित्रात तिथे झुडपे दिसतात. शेतात राखलेली मोहाची झाडेही वरून जंगलच वाटतात. उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेऊ शकत नाही, असे 2012 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. केवळ अशा चित्रांवर विसंबून दावे फेटाळण्याला गुजरात उच्च न्यायालयाने 2013 मध्ये चाप लावला. तो दाखला अपिलात जरूर द्या. पण चित्रासमोर ठेवायला फायलीत काहीतरी ठोस असले तरच तो उपयोगी पडेल.

स्थळपाहणीबाबतही नियम आपल्या बाजूने आहेत, मात्र कागद हवा. वन व महसूल विभागाला पाहणीची सूचना लेखी द्या आणि तिची पोच फायलीला लावा. आमचा माणूस हजर नव्हता, अशी हरकत नंतर आली तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. पोच नसेल तर या तरतुदीचा काडीचा उपयोग नाही.

तीन एकरांचा दावा असताना पंधरा गुंठ्यांचा पट्टा हाती पडतो, तेव्हा पुष्कळ कार्यकर्ते ‘निदान काहीतरी मिळाले’ म्हणून गप्प बसतात. ग्रामसभेने शिफारस केलेले क्षेत्र कमी करणे हाही शिफारशीतला बदलच आहे. त्यासाठी सकारण लेखी आदेश लागतो आणि तो दावेदाराला व्यक्तिशः कळवावा लागतो. दाद मागण्याची 60 दिवसांची मुदत त्यानंतरची. फळ्यावरची यादी म्हणजे कळवणे नव्हे. अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय मे 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने झाली आहे. या अपिलांतही मूळ जबाबच उभा राहतो किंवा पडतो.

सामूहिक दाव्यांत तर जबाबावाचून पुढे जाताच येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. मागून येणाऱ्या गावांनी निस्तार पत्रकाच्या जोडीला कोणत्या टेकडीवर कोण तेंदू तोडते, कोणत्या नाल्यापर्यंत गुरे जातात, शेजारच्या गावाशी सीमा कुठे ठरली, हे जाणत्यांकडून लिहून घेतले पाहिजे. त्यात बायकांचे जबाब हवेतच. सरपण, कंद, डिंक, मोहफूल यांच्या वाटा त्यांना पुरुषांपेक्षा अधिक ठाऊक असतात, आणि तरीही जबाबाखालचे अंगठे बहुतेक पुरुषांचेच असतात. बोलणारी भिली, वारली किंवा गोंडीत बोलली तर तसेच उतरवा आणि शेजारी मराठी लिहा. कचेरीच्या भाषेत घोटून काढलेला जबाब पढवलेला वाटतो, आणि अनेकदा तो असतोही.

हे सगळे आताच का सांगायचे? कायद्याने ताब्यासाठी धरलेली तारीख 13 डिसेंबर 2005 असली, तरी आधीच्या पिढीची वहिवाट सांगणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. बहात्तरच्या दुष्काळात वीस वर्षांचा असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. विदर्भातल्या गोवारी-ढीवरांसारख्या इतर पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचे म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. 1930 च्या आसपासचे प्रत्यक्ष सांगणारा आता कोणी नाही. बापाकडून ऐकलेली वंशावळ सांगणारे तेवढे आहेत. कागद उद्याही मागवता येईल. हा पुरावा मात्र माणसाबरोबर जातो.

म्हणून वनहक्क समित्यांच्या सचिवांना आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या-वकिलांना आमची सूचना साधी आहे. नवे दावे असोत वा अमान्य दाव्यांची फेरतपासणी, अर्जाचा नमुना हाती घेण्याआधी गावातल्या सत्तरीपुढच्या स्त्री-पुरुषांची यादी करा. एकेकाला त्या त्या शेतात, जंगलात नेऊन बोलते करा. लिहिलेले ग्रामसभेत मोठ्याने वाचा, चुका तिथेच दुरुस्त होऊ द्या आणि ठरावाला जोडा. त्यानंतरही ‘पुराव्याअभावी’ हा शेरा आला, तर कोणता पुरावा का नाकारला, हे लिहून देण्याची जबाबदारी वरच्या समितीची असेल.