उत्सवाने कान घडवावेत

गणेशोत्सव हा विद्येच्या अधिदेवतेचा उत्सव. चौदा विद्या व चौसष्ट कला यांचा अधिपती म्हणून आपण गजाननाची आराधना करतो. यास्तव या दहा दिवसांत संगीतविद्येचे चिंतन करणे हेही पूजेचेच अंग होय, अशी आमची धारणा आहे. चाकण व पंचक्रोशीतील भाविकांपुढे आज आम्ही पलुस्कर पितापुत्रांचे चरित्र ठेवीत आहोत. त्यातून निघणारा बोध आपल्या मंडपांना थेट लागू पडतो.

या कुळाचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. टाळ, मृदंग, अभंग आणि आख्यान यांचा नाद बाळाच्या कानी पाळण्यातच पडला. पुढे बालवयात, एका उत्सवप्रसंगी चेहऱ्याजवळ फटाका फुटला व मुलाची दृष्टी अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट खुंटली. उत्सवातील एका क्षणाच्या दणदणाटाने मुलाचे डोळे नेले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

तथापि डोळे अधू झाले तरी घरातील कीर्तनाने घडविलेले कान शाबूत होते. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांनी ग्वाल्हेर गायकीचे खडतर अध्ययन केले. १८९६ च्या सुमारास मिरज सोडून ते देशाटनास निघाले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजेरजवाड्यांच्या दरबारात अडकलेली विद्या सर्वसामान्य गृहस्थाच्या मुलामुलींस शाळेत बसून शिकता यावी, हा त्यांचा ध्यास होता. उत्तरायुष्यात नाशिक येथे आश्रम स्थापून ते रामनामात रमले. १९३१ साली त्यांनी देह ठेवला.

त्या वेळी त्यांचे पुत्र दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. थोर गायकाचा मुलगा. परंतु पित्यापासून शिकण्याचा काळ संपला होता. येथेच घराणे या शब्दाचा खरा अर्थ उलगडतो. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आदी शिष्यांनी गुरुपुत्रास विद्या दिली. १९३२ साली विनायकरावांनी पुण्यात काढलेल्या गांधर्व महाविद्यालयात हा मुलगा घडला. गुरूने जे दिले ते शिष्यांनी गुरूच्या पुत्राला परत केले. याहून निर्मळ ऋणफेड आम्हांस ठाऊक नाही. पुढे दत्तात्रेयांच्या प्रसन्न, प्रासादिक गळ्यातून उतरलेली रामभजने घरोघरी पोहोचली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ या बोलपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांसमवेत त्यांनी गायिलेली जुगलबंदी आजही ऐकली जाते. ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, हा स्वर अकाली निमाला.

‘गाणे रक्तातच असावे लागते’ असे लोक म्हणतात. आमचे मत निराळे आहे. पिता कीर्तनकाराच्या घरी जन्मला, पण गायकी त्याला परक्या घरी, गुरूपाशी मिळाली. पुत्र गवयाच्या घरी जन्मला, पण पुष्कळशी विद्या त्याला पित्याच्या शिष्यांकडून मिळाली. घर कान देते, गुरू विद्या देतो आणि समाज दोहोंस आधार देतो. यांतील एक जरी दुवा निखळला, तरी परंपरा खुंटते.

चाकणमध्ये आज कारखान्यांच्या निमित्ताने गावोगावची कुटुंबे येऊन राहिली आहेत. त्यांतील बहुतेक घरांत गवई नाही, कीर्तनकारही नाही. अशा घरातील मुलाच्या कानी वर्षातून दहा दिवस मंडपातील नाद पडतो. त्या मुलापुरता मंडपच घर होतो. तेथे ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या केल्या, तर आपण त्याला कोणता वारसा दिला? रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराचा व अंथरुणास खिळलेल्या वृद्धाचा विचार तर दूरच राहिला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. ती पाळण्यास शासनाच्या धाकाची गरज का पडावी?

तरुण म्हणतील, उत्साहावर विरजण का घालता? उत्साहाला आमचा विरोध नाही. यादवांच्या देवगिरीत तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने गीत, वाद्य व नृत्य या तिन्हींस मिळून संगीत म्हटले आहे. लेझीम खेळावे, टाळ कुटावेत, मनसोक्त नाचावे. परंतु ज्यात गळा, हात व पाय माणसाचे नसतात, त्या कर्कश यंत्रनादाने भक्ती वाढत नाही आणि कलावंतही घडत नाही.

यास्तव आमची विनंती एवढीच. प्रत्येक मंडळाने दहांपैकी निदान एक सायंकाळ गायनास, भजनास वा कीर्तनास द्यावी. परिसरात संगीत शिकणाऱ्या मुलांना तेथे प्रथम बसवावे आणि त्यांना शिकविणाऱ्या गुरुजनांस वर्गणीतून यथोचित बिदागी द्यावी. मंडपात मांडी घालून ऐकणाऱ्या शंभर मुलांतील एकाचा जरी कान जागा झाला, तरी गजाननाची पूजा सुफळ संपूर्ण झाली, असे आम्ही मानू.