तापासचे मराठी काय?

परदेशातील एखाद्या मोठ्या शहरात नवे स्पॅनिश उपाहारगृह उघडले, की त्याच्या मेनूवर दोन शब्द हमखास असतात : तापास आणि सांग्रिया. या शब्दांचे भाषांतर कोणी करीत नाही आणि करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. शब्द जसाच्या तसा उचलला म्हणजे वस्तूही जशीच्या तशी आली, असा समज त्यामागे असतो. भाषांतराच्या अभ्यासकांना हा समज चांगलाच परिचित आहे. मूळ शब्द कायम ठेवण्याला आपण मुळाशी निष्ठा म्हणतो. पुष्कळदा तो अर्थाचा प्रश्न टाळण्याचा सभ्य मार्ग असतो. माझे म्हणणे असे, की तापासला मराठीत एक बऱ्यापैकी नेमका शब्द आहे. तो लिहायला आपल्याला संकोच वाटतो आणि हा संकोचच तपासून पाहण्याजोगा आहे.

'तापा' (अनेकवचन 'तापास') हा शब्द 'तापार', म्हणजे झाकणे, या क्रियापदावरून आला. पेल्यावर झाकण म्हणून पावाचा किंवा हॅमचा तुकडा ठेवीत, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. तापासच्या जन्मकथांत कधी तेराव्या शतकातला दहावा आल्फोन्सो येतो, तर कधी विसाव्या शतकातला तेरावा आल्फोन्सो. दोघा राजांमध्ये सहाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तेव्हा त्या कथांवर किती विसंबावे हे उघड आहे. पण व्युत्पत्तीतला संबंध खरा आहे : तापा हा पेयाचा सोबती आहे, जेवणाचा पर्याय नव्हे. स्पेनमध्ये रात्रीचे जेवण नऊ-दहाच्या सुमारास होते. त्याआधी मंडळी एका बारमध्ये शिरतात, बहुधा उभ्यानेच एक पेला आणि दोन घास घेतात आणि पुढच्या बारकडे वळतात. या हिंडण्याला 'तापेआर' असे स्वतंत्र क्रियापदच आहे. ग्रानादा, आल्मेरिया, लेओन या शहरांत पेयाबरोबर तापा विनामूल्य येतो. पैसे देण्याची रीतही सैल असते. एका ठिकाणचे एकाने द्यावे, पुढच्या ठिकाणचे दुसऱ्याने. किंवा सर्वांनी आरंभीच सारखी रक्कम काढून एकाच्या हाती सोपवावी. कोणी किती खाल्ले याचा हिशेब कोणी मांडत नाही.

थोडक्यात, तापास हे नाम असले तरी त्याचा जीव क्रियापदात आहे. परदेशी जाताना नाम पोचते आणि क्रियापद मागे राहते.

लंडनमध्ये नव्याने उघडलेल्या अशा एका उपाहारगृहात आम्ही चौघे स्नेही गेलो होतो. टेबल दोन तासांसाठी राखून ठेवलेले. 'आमच्याकडे पदार्थ वाटून खायचे असतात,' असे वाढणाऱ्या मुलाने आम्हांला नम्रपणे समजावले. वाटून खाणे ही समजावून सांगायची कल्पना झाली, तेव्हाच भाषांतर अवघड वळणावर आले होते. बशीत क्रोकेता तीन आणि खाणारे चार. बशीतल्या शेवटच्या तुकड्याला स्पॅनिशमध्ये 'लाजेचा तुकडा' म्हणतात, कारण तो उचलायला कोणी धजत नाही. आमच्याकडे पहिल्या बशीपासूनच सगळे तुकडे लाजेचे होते. 'पातातास ब्रावास' आले. नावात 'उग्र', पण मराठी जिभेला बेताचेच. त्यातला बटाटा मात्र घरचा वाटला, आणि शब्दही परका नव्हता. कॅरिबियन बेटांवरचा 'बताता' स्पॅनिशांनी उचलला. पोर्तुगीजांकरवी तो कोकण किनाऱ्यावर येऊन आपला 'बटाटा' झाला, तर स्पेनमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या 'पापा' या शब्दात मिसळून 'पाताता'. शेवटी बिल आले आणि ज्याने सांग्रिया घेतली नव्हती त्याचा वाटा किती, यावर दहा मिनिटे गेली. अन्न उत्तम होते. जेवणाची तक्रार नाही, पण आम्ही तापास खाल्ले असे म्हणवत नाही.

यावर कोणी म्हणेल, की परदेशात याहून वेगळे होणे शक्य नाही. तसे नाही. सोहोमध्ये २००७ साली सुरू झालेल्या बाराफिनाने बार्सेलोनाच्या 'काल पेप'चा कित्ता गिरवीत टेबलांऐवजी काउंटर मांडला आणि सुरुवातीला आरक्षण घेतले नाही. लोकांनी रांगेत हातात पेला घेऊन उभे राहावे, जागा मिळाली की बसावे. ते स्वस्त नव्हते; पण पदार्थांबरोबर वाट पाहण्याची, उभे राहण्याची रीतही आणावी लागते, हे तिथल्या भाषांतरकाराला, म्हणजे मालकाला, उमगले होते.

सांग्रियाची गोष्ट याच्या उलट आहे. या शब्दात 'सांग्रे', म्हणजे रक्त, आहे. तांबड्या रंगाशी त्याचा संबंध जोडला जातो. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातील स्पेनच्या दालनाने हे पेय अमेरिकेत लोकप्रिय केले. पुढे २०१४ च्या युरोपीय नियमाने ठरवले, की स्पेन किंवा पोर्तुगालमध्ये तयार झालेल्या पेयावरच 'सांग्रिया' एवढेच नाव घालता येईल. स्पेनमधला माणूस मात्र उन्हाळ्यात पुष्कळदा 'तिंतो दे वेरानो', म्हणजे तांबडी वाइन आणि सोडा, मागतो. सांग्रियाचे मोठे जग पर्यटकांच्या टेबलांवर असते. नाव कायद्याने राखता येते. रीत राखायला कायदा नाही.

आता मराठी शब्दाकडे येतो. पेयाबरोबर येणारा, पुष्कळदा फुकट येणारा, घासभर खारट-तिखट पदार्थ. समोर ठेवला की चार हात एकाच बशीत जातात आणि कोणी मोजत नाही. याला मराठीत 'चखणा' म्हणतात. मुंबईच्या साध्या बारमध्ये क्वार्टरबरोबर न मागता समोर येणारे उकडलेले चणे किंवा शेंगदाणे हे ग्रानादाच्या तापाचे सख्खे भावंड आहेत. लंडनमधली तीन क्रोकेतांची बशी फार तर दूरची नातलग. तरी एखाद्या स्पॅनिश कादंबरीच्या मराठी अनुवादात 'चखणा' हा शब्द वाचला, तर आपण दचकू. का?

कारण खाद्यपदार्थाच्या नावात खाणाऱ्याची पत मुरलेली असते. 'दोन किखोते'च्या (१६०५) पहिल्याच प्रकरणात नायकाच्या आठवड्याच्या आहाराची यादी आहे. त्यातल्या शनिवारच्या पदार्थाचे नाव शब्दशः 'दुःखे आणि मोडतोड' असे आहे. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याला नाना पर्याय दिले. प्रश्न केवळ पदार्थ ओळखण्याचा नव्हता. हा खाणारा गृहस्थ किती ओढग्रस्तीचा आहे, हे एका शब्दातून कळायला हवे होते. आपल्याकडे 'चखणा' या शब्दाला १९४९ च्या दारूबंदी कायद्याची सावली चिकटली आहे. त्या कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावले आणि 'परमिट रूम' ही पाटी दिली. मंद उजेड, नजर चुकवून आत शिरणे, केवळ पुरुष. स्पेनच्या बारमध्ये आजी असते, बाबागाडी असते, रविवारच्या चर्चनंतर आलेले अख्खे कुटुंब असते. हा आक्षेप खरा आहे आणि तो सोडून देता येणार नाही. 'चखणा' शब्दात तापासची रीत आहे, पण त्याची उजळ दुपार नाही.

तरीही मी 'चखणा'च्या बाजूने आहे. 'तापास' लिहिल्याने ती उजळ दुपार येत नाही. येते ती मेनूची प्रतिष्ठा, आणि ग्रानादाचा कारकून लंडनच्या ग्राहकासारखा दिसू लागतो. 'चखणा' लिहून भोवतालच्या वाक्यांत आजी आणि बाबागाडी आणली, तर वाचकाला मूळ प्रसंग दिसेल. शिवाय मराठी शब्दालाही थोडे ऊन लागेल. शब्दांचे अर्थ असेच बदलतात. आपल्या भाषेत उष्ट्याचा विटाळ आहे आणि 'एका ताटात जेवलेले' ही जिवलगांची खूणही आहे. वाटून खाण्याला लागणारी शब्दसंपत्ती आपल्यापाशी नाही असे नाही. ती कोणत्या दर्जाच्या टेबलावर मांडावी, एवढाच आपला घोळ आहे.

म्हणून अनुवादकांना एक साधा विवेक सुचवतो. पात्र लंडनच्या उपाहारगृहात मेनू वाचत असेल, तर 'तापास' लिहावे, कारण तिथे तो शब्दच विकला जात असतो. पात्र ग्रानादाच्या बारमध्ये उभे असेल आणि न मागता बशी समोर आली असेल, तर 'चखणा' लिहावे. स्पॅनिशमध्ये शब्द एकच असला, तरी या दोन वस्तू वेगळ्या आहेत.