सीनियर्सचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि रॅगिंग : यूजीसीचा नियम तुमच्या फोनवर कसा चालणार?

इंजिनिअरिंगचे कॅप राउंड संपले, कॉलेज अलॉट झालं, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुम्हाला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ॲड करतं. ग्रुपचं नाव बॅचचं, ॲडमिन सेकंड इयरचे. यातले बरेच ग्रुप खरंच कामाचे असतात : नोट्स, मेसचे दर, कुठल्या सरांचं सबमिशन कधी. पण काही ग्रुपचा सूर दोन दिवसांत बदलतो. रात्री अकराला ‘सगळ्यांनी इंट्रोचा व्हिडिओ टाका’. बारा वाजता ‘ज्याने रिप्लाय दिला नाही त्याने उद्या हॉस्टेलच्या मागे भेटा’. मग कुणाचं जर्नल कोण लिहिणार याची वाटणी.

जुलै २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, याच गोष्टीवर बोट ठेवलं. ज्युनियर्सना मानसिक त्रास देण्यासाठी सीनियर्सनी बनवलेले अनौपचारिक व्हॉट्सॲप ग्रुप हेही रॅगिंग मानलं जाईल, आणि कॉलेजांनी अशा ग्रुपवर लक्ष ठेवावं, असे निर्देश दिले. जबरदस्तीने केस कापायला लावणं, रात्रभर जागवणं, ‘ऐकलं नाहीस तर तुझ्याशी कुणी बोलणार नाही’ अशी धमकी देणं, हे प्रकारही त्यात आले. विद्यार्थ्यांची सुरक्षितता न सांभाळणाऱ्या कॉलेजचं अनुदान रोखण्याचा इशाराही दिला.

चांगलं झालं. पण हे तांत्रिकदृष्ट्या कितपत शक्य आहे, ते बघू.

नियम तसा जुनाच आहे

यूजीसीचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ चे. व्हॉट्सॲप ही कंपनीसुद्धा त्याच वर्षी सुरू झाली. तरीही त्या विनियमांतल्या व्याख्येत फक्त मारहाण नाही. बोललेले किंवा लिहिलेले शब्द, ईमेल, सगळ्यांसमोर केलेला अपमान, हे सगळं तेव्हापासूनच रॅगिंग आहे. दुसऱ्याच्या त्रासात ‘निष्क्रियपणे’ सामील होऊन मजा घेणंही त्यात बसतं. म्हणजे ग्रुपवर एखाद्याची टिंगल चालू असताना हसण्याची इमोजी टाकणारा ‘मी काय केलं?’ असं म्हणून सहज सुटत नाही.

महाराष्ट्रात तर १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. शारीरिक इजेबरोबर मानसिक त्रास, भीती, लाज निर्माण करणारी कृतीही त्यात मोडते. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि दोषी ठरल्यास पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. त्याने टाळाटाळ केली तर त्यालाच गुन्ह्याला मदत केल्याबद्दल जबाबदार धरता येतं.

कायदा एवढा कडक असूनही ‘सोसायटी अगेन्स्ट व्हायोलन्स इन एज्युकेशन’ या संस्थेच्या अहवालानुसार २०२२ ते २०२४ या काळात रॅगिंगशी जोडलेले ५१ मृत्यू झाले. याच काळात राष्ट्रीय हेल्पलाइनवर ३,१५६ तक्रारी आल्या. अडचण कायद्याच्या शब्दांत नाही. तक्रार वेळेवर आणि पुराव्यासकट पोहोचत नाही, ही अडचण आहे.

कॉलेज ग्रुपवर ‘लक्ष’ कसं ठेवणार?

खरं सांगायचं तर बाहेरून ठेवूच शकत नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. तुमच्या फोनवर मेसेजला कुलूप लागतं आणि ते फक्त समोरच्याच्या फोनवर उघडतं. मधला सर्व्हर तो वाचू शकत नाही, मग प्राचार्य काय वाचणार? आणि विद्यार्थ्यांचे खाजगी फोन कॉलेजने तपासावेत, असं मला अजिबात वाटत नाही. तो वेगळाच धोका आहे.

पण एन्क्रिप्शन फक्त वाटेतल्या माणसाला रोखतं, ग्रुपमधल्या मेंबरला नाही. ज्या साठ जणांनी तो मेसेज वाचला, त्या प्रत्येकाच्या फोनवर तो साध्या मजकुरात आहे. म्हणजे यूजीसीचा हा नियम चालला तर मेंबर्सच्याच जोरावर चालेल. कॉलेजने करायचं काम म्हणजे पहिल्याच दिवशी वर्गशिक्षक किंवा मेंटॉर ॲडमिन असलेला अधिकृत ग्रुप बनवणं. माहितीसाठी ज्युनियर सीनियर्सवर अवलंबून राहिला नाही, की ‘ग्रुप सोडलास तर नोट्स मिळणार नाहीत’ या धमकीतली अर्धी हवा जाते.

आता तुमच्या फोनमधल्या गोष्टी

एक, सेटिंग्ज – प्रायव्हसी – ग्रुप्स इथे जाऊन ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. मग अनोळखी नंबर तुम्हाला थेट ॲड करू शकत नाही. त्याला आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांत संपतं.

दोन, ग्रुप सोडताना आता सगळ्यांना कळत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. मात्र ‘कोण बाहेर पडलं’ ही यादी मेंबर्सना ६० दिवस बघता येते, हे लक्षात ठेवा.

तीन, सोडण्याआधी पुरावा घ्या. पाठवणारा आपला मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनवरून डिलीट करू शकतो आणि ॲडमिन इतरांचेही मेसेज उडवू शकतो. डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर २४ तासांतही सगळं साफ. म्हणून ‘एक्सपोर्ट चॅट’ करून फाइल स्वतःला ईमेल करा. ग्रुपवर ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल तर एक्सपोर्ट होणार नाही, तेव्हा स्क्रीनशॉट घ्या. ‘व्ह्यू वन्स’ फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही, त्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढा. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. फक्त सेव्ह केलेलं नाव दिसून उपयोग नाही, कारण ‘ते नाव तूच टाकलंस’ असं म्हणता येतं.

चार, मूळ चॅट आणि मूळ फोन सांभाळा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. म्हणून फोटो क्रॉप करू नका, वर बाण-गोल काढू नका. हवं तर कॉपी करून त्यावर काढा.

पाच, व्हॉट्सॲपवर ग्रुप रिपोर्ट केला तर शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि समोरच्याला कळवलं जात नाही. पण रिपोर्ट करताना चॅट डिलीट करण्याचा पर्याय येतो, तो चुकून निवडू नका. आणि ही कॉलेजकडची तक्रार नव्हे.

व्हायरल करायचं का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळातल्या कोट्टायमच्या सरकारी नर्सिंग कॉलेजमधल्या छळाचा व्हिडिओ बाहेर आला आणि देश हादरला. त्या प्रकरणात पाच सीनियर विद्यार्थ्यांना अटक झाली. व्हिडिओमुळे लोकांना प्रकरणाची तीव्रता कळली, हे खरं. पण विचार करा, तोच व्हिडिओ त्या मुलाला आयुष्यभर कुठे ना कुठे दिसत राहणार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : व्हिडिओ पोलिसांना द्या, इन्स्टाग्रामला नाही. रीलला लाखभर व्ह्यूज मिळाले तरी तपास अधिकारी तिथून नेमला जात नाही. शिवाय चुकीच्या मुलाचं नाव पसरलं तर ते मागे घेता येत नाही. सोशल मीडियाचा खरा उपयोग आधी आहे : हेल्पलाइन नंबर शेअर करणं, नवीन मुलांना वरच्या सेटिंग्ज दाखवणं, आणि ग्रुपवर एकटा पडलेल्याला पर्सनलवर ‘ठीक आहेस ना?’ एवढं विचारणं.

तक्रारीसाठी राष्ट्रीय अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास, टोल फ्री. तुमच्या वतीने मित्र किंवा आईवडीलही फोन करू शकतात. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी आपण रॅगिंगविरोधी हमीपत्र डोळे झाकून भरतो, त्याच यंत्रणेचा हा नंबर आहे. मारहाण, जिवाला धोका असेल तर थेट ११२.

आणि सेकंड इयरच्या दोस्तांनो, ॲडमिन तुम्हीच आहात. ओळख करून घ्यायची तर कॅन्टीनमध्ये दुपारी चहा पाजा. रात्री बाराचा ‘इंट्रो’ मेसेज तुम्हाला गंमत वाटत असेल, पण तो साठ फोनवर तारीख-वेळेसकट साठवला जातोय.