अस्तराने बाटलेले हातकाम

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे आणि त्यातली बहुतेक पत्रे अस्तराबद्दल आहेत. एरवी आमचे वाचक भांडतात ते नमुन्यावरून, धाग्याच्या नंबरावरून, नाहीतर मागच्या अंकात एक साखळी कमी छापली म्हणून. त्यांना एकदम अस्तराने पछाडावे याची आधी गंमत वाटली. पत्रे नीट वाचल्यावर ती उरली नाही.

झाले असे की, एका जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या सरकारी हस्तकला प्रदर्शनाच्या अर्जात यंदा एक कलम वाढले. वस्तू संपूर्ण हाताने केलेली हवी, तिच्यावर शिलाई मशीनची टीप चालणार नाही. आपल्या काही वाचक तिथे क्रोशाची पांघरुणे घेऊन गेल्या होत्या. वरून ग्रॅनी स्क्वेअर, मागून सुती अस्तर, कडेने मशीनची टीप. तपासणीला बसलेल्या माणसाने पांघरूण उलटे केले, टीप पाहिली आणि शेरा मारला : यंत्रनिर्मित. वरची बाजू त्याने पाहिलीसुद्धा नाही. त्याच टेबलावरून विणकाम मशीनवर काढलेले स्वेटर मात्र सुखरूप पुढे गेले. मशीन हाताने ओढायचे असते, त्यामुळे ते हातकाम, आणि त्यावर टीप दिसत नाही, त्यामुळे कलमही मोडत नाही!

एका वाचकाने विचारले, अस्तर काढले तर चालेल का? उत्तर मिळाले, उसवून आणा, मग बघू. बाईंनी कचेरीच्या व्हरांड्यात बसून अस्तर उसवले आणि तेच पांघरूण त्याच माणसाकडून मंजूर करून घेतले. प्रदर्शनात गिऱ्हाईक म्हणाले, मागून भोके दिसतात, अस्तर नाही का? बाईंनी पिशवीतून तेच कापड काढून दाखवले आणि घरी जाऊन लावून देते म्हणून सांगितले. शासनाने हस्तकलेचे रक्षण केले ते असे.

या अंकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही, पण कचेऱ्यांमध्ये कोणी हा अंक चाळत असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो. क्रोशा मशीनवर होत नाही. दोन सुयांचे विणकाम मशीन करते, लेस करते, भरतकाम तर आता संगणक करतो. कारखान्यात ‘क्रोशे मशीन’ नावाचे एक यंत्र असते खरे, पण त्यातून निघते ती वेगळ्या विणीची पट्टी किंवा झालर. एका आकड्याने एका वेळी एक फास ओढून उभा केलेला खांब अजून माणसाच्या हातातूनच निघतो. बाजारात स्वस्तात मिळणारा परदेशी क्रोशासुद्धा कुणाच्या तरी हातचाच असतो, त्या हातांना काय मिळते हा प्रश्न निराळा. म्हणजे जी कला यंत्राला साधलेली नाही, तीच यंत्रनिर्मित म्हणून बाजूला काढली गेली, आणि तीही कडेच्या पंचवीस फूट टिपेपायी.

पंचवीस फुटांचा हिशेब सोपा आहे. साठ बाय नव्वद इंचांच्या सिंगल पांघरुणाची कड तीनशे इंच भरते. इंचाला सहा टाके धरले तरी हाताने अठराशे टाके होतात. कडेला हातानेच तुरपाई करावी असे माझे स्वतःचे मत आहे, कारण मशीनचा दाब क्रोशाची कड ताणतो आणि ती पुन्हा बसत नाही. पण हे मत कारागिराचे आहे, कामाच्या गुणाबद्दलचे आहे. कोणत्या टाक्याने हातकाम बाटते हे ठरवण्याचा अधिकार कचेरीला त्यातून मिळत नाही.

आणि हा प्रश्न नवाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली फर्निचरच्या एका प्रकरणात सांगून ठेवले आहे की वस्तू प्रामुख्याने हाताने घडलेली असली, तर थोडेफार यंत्र वापरले म्हणून ती हस्तकलेतून बाद होत नाही. जुलै २०१८ मध्ये जीएसटीच्या अधिसूचनेत हस्तकला वस्तूंची व्याख्या आली, तिचाही आशय तोच आहे : अवजारे वा यंत्रे काही प्रमाणात वापरलेली असली तरी चालेल, वस्तू मुख्यतः हातची हवी, तिच्यात नजरेत भरणारे कलाकाम हवे आणि यंत्रावर निघालेल्या तशाच उपयोगाच्या मालापेक्षा ती ठळकपणे वेगळी दिसायला हवी. आता आपले पांघरूण या कसोटीवर ठेवा. केंद्र सरकारला जे चालते, देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाला जे चालते, ते जिल्ह्याच्या टेबलाला चालत नाही. हे कलम कोणाच्या डोक्यातून आले, कोणत्या शासन निर्णयावरून आले, याचे उत्तर विचारणाऱ्या एकाही वाचकाला मिळालेले नाही. ‘वरून आलंय’ एवढेच कळते.

अस्तराची दुसरी अडवणूक करातून होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पांघरुणे, चादरी वगैरे तयार कापडी मालाला नगामागे अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी लागतो. पूर्वी ही रेघ हजारावर होती आणि वरचा दर १२ टक्के होता, त्यामुळे स्वस्त मालाला सवलत मिळाली हे मान्य. आता आपला हिशेब मांडा. बिनअस्तराचे पांघरूण २,४०० रुपये, कर १२० रुपये, गिऱ्हाइकाला २,५२०. त्यालाच चारशे रुपयांचे अस्तर लावले की किंमत २,८००, कर ५०४, गिऱ्हाइकाला ३,३०४. चारशेच्या अस्तरासाठी गिऱ्हाईक ७८४ रुपये जास्त मोजणार. आपल्यातल्या बहुतेकींची उलाढाल चाळीस लाखांच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे जिल्ह्यात, राज्यात माल विकताना नोंदणी नाही आणि करही नाही. पण आपला माल ज्या दुकानात जातो त्या दुकानदाराला नोंदणी आहे, आणि तो सरळ सांगतो, अस्तर काढा आणि भाव अडीच हजारांच्या आत बसवा. त्याला दोष देऊन काय उपयोग? महिनाभराच्या हातकामाला आणि कारखान्याच्या चादरीला एकच रेघ लावणाऱ्यांना विचारायला हवे.

हे झाले सरकारचे. आता घरातले बोलू, कारण गठ्ठ्यातली सगळीच पत्रे कचेरीवर चिडलेली नाहीत. काही गिऱ्हाइकांनी आमच्याकडे पाठवली आहेत, आणि ती वाचताना मान खाली जाते.

पहिल्याच धुण्यात अस्तर आटले, वरचे ॲक्रेलिक होते तसेच राहिले आणि पांघरूण परातीसारखे खोल झाले, ही तक्रार एकीची नाही. सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा तीन ते पाच आटते. नव्वद इंचांवर हे तीन ते साडेचार इंच होतात. ॲक्रेलिक आटत नाही, उलट वजनाने लोंबते. वीस-वीस वर्षे क्रोशा करणाऱ्या बायकांना हे ठाऊक नाही असे कसे म्हणावे? ठाऊक आहे. पण ऑर्डर उद्या द्यायची आहे, कापड आज आणले आहे आणि खळ असलेले नवे कापड टिपेला छान ताठ बसते. मग तसेच लावून मोकळे होतात. पॉपलीन असो, मांजरपाट असो की फ्लॅनेल, कापड दोनदा धुवायचे, एकदा तरी गरम पाण्यात, आणि मगच कात्री लावायची. नुसते पाण्यात बुडवून काढणे याला धुणे म्हणत नाहीत.

दुसरी चूक मापात होते. पांघरूण हातात धरून लांबी मोजली तर स्वतःच्या वजनाने ते दोन बोटे सहज वाढते. धुऊन, सतरंजीवर सपाट पसरून, रात्रभर पडू द्यावे आणि रुंदी दोन्ही टोकांना व मध्ये अशी तीनदा मोजावी. तिन्ही मापांत इंचाहून जास्त फरक आला तर अस्तर वाकडे कापून फरक लपवू नका. शेवटची फेरी उसवा, मुक्या खांबांची फेरी पुन्हा घाला, कोपऱ्यात तीन खांब पडलेत का ते पाहा. अस्तर सरळच कापायचे, उभ्या धाग्याला धरून. पना कमी पडला तर ऐन मध्यावर जोड न देता तीन पट्ट्या कराव्यात. मधला जोड अंगाखाली येतो आणि तिथेच पहिल्यांदा उसवतो.

आणि नुसत्या कडेला जोडलेले अस्तर म्हणजे अर्धे काम. नव्वद इंचांचे कापड चार कडांवर टांगले की मध्ये झोळ येणारच. चौकोनांच्या सांध्यावर, दर सहा-आठ इंचांवर, क्रोशाच्याच धाग्याने मागे एक गाठ द्यावी. समोरून ती दिसत नाही, मागून नक्षी होते आणि धुताना दोन्ही थर सोबत हलतात. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांनी धावदोरा सगळ्या अंगावर फिरवला तो काही हौसेने नव्हे. कडेचा टाका खांबाच्या डोक्यावरच्या दोन्ही फासांतून घ्यावा, एका फासातून घेतला की तो फास ओढला जाऊन कडेला भोक पडते. मशीनच वापरणार असाल तर क्रोशा खाली आणि अस्तर वर ठेवा, ताणला जाणारा थर दातांकडे असला की चुण्या पडत नाहीत. दात फासात अडकू नयेत म्हणून खाली पतंगाचा कागद घाला आणि टीप झाल्यावर फाडून काढा. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. सुई बॉलपॉइंटची आणि टाका लांब.

अस्तर लावून खोचायची टोके झाकणाऱ्यांबद्दल काय लिहावे? एका पत्रासोबत फोटो आहे. अस्तर उघडले तर आत पन्नासभर टोके नुसती लोंबताहेत, एकही ओवलेले नाही. दोन धुण्यांत चौकोन सुटले. अशा चार पांघरुणांमुळे गिऱ्हाईक पुढच्या वेळी क्रोशा सोडून मिंक ब्लँकेट घेते, आणि तपासणीवाल्याला पांघरूण उलटे करून पाहायला निमित्त मिळते.

बाळाच्या पांघरुणाला अस्तर हवेच, हे मात्र ठामपणे सांगतो. जाळीत चिमुकली बोटे अडकतात आणि सुटा धागा बोटाला गुंडाळला तर रक्त अडते. पण अस्तर लावले म्हणून ते झोपलेल्या बाळाच्या अंगावर सोडायचे झाले नाही. पहिल्या वर्षभरात पाळण्यात सुटे पांघरूण असू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. विकताना चिठ्ठीवर तसे लिहा, विक्री एखादीने कमी झाली तरी चालेल.

किमतीबाबत एक गोष्ट राहिली. बऱ्याच जणी अस्तराचे कापडाचे पैसे घेतात, लावणावळ घेत नाहीत. धुणे, पसरणे, मोजणे, टाचणे, गाठी देणे यात पुरा दिवस जातो आणि तो बिलात नसतो. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस करणाऱ्या बायकांवर मारिया मीझ यांनी १९८२ साली पुस्तक लिहिले. दिवसातले कित्येक तास लेस करणाऱ्या त्या बायकांचे काम फावल्या वेळातले म्हणून कसे धरले जाते, हे त्यात आहे. तिथे तसे धरणारे व्यापारी होते. आपल्याकडे आपणच धरतो! या महिन्यापासून बिलात अस्तराची ओळ वेगळी लिहा : कापड इतके, लावणावळ इतकी. गिऱ्हाइकाला नको असेल तर तसे सांगेल.

आणि आता ज्यांचे अर्ज बाद झाले त्यांच्यासाठी. पत्रात आमच्यापाशी रडून कलम बदलणार नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तीही नाही. एवढेच विचारा की शिलाई मशीनची टीप असलेली वस्तू हस्तकला नाही हे कलम कोणत्या शासन निर्णयावरून घातले, त्याची प्रत द्यावी. २०१८ ची व्याख्या, न्यायालयाचा निकाल, स्वेटर कसे चालले, यातले काही त्यात घालू नका. ते पुढच्या निवेदनात येईल. तीस दिवसांत उत्तर यायला हवे, आले नाही तर पहिले अपील करा. जिल्ह्यात दहा जणींनी दहा अर्ज टाकले तर कोणाला तरी फाईल शोधावीच लागेल.

संयुक्त निवेदनासाठी आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत : शेरा मारलेल्या अर्जाची झेरॉक्स, पांघरुणाचे दोन्ही बाजूंचे फोटो, आणि विणायला व अस्तर लावायला लागलेल्या तासांची नोंद, वेगवेगळी. अंदाजे लिहू नका, घड्याळ लावून एका पांघरुणाची नोंद करा. पाकिटावर ‘अस्तर’ असे ठळक लिहा. टोके न ओवलेल्या पांघरुणांचे फोटो निवेदनाला जोडले जाणार नाहीत. अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच मागून घ्या, नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा, अपिलाच्या वेळी पहिल्यांदा तीच मागतात.