मारणारा हात थांबला, तरी मूल दचकतं



माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. डस्टर जरा जोरात आपटलं, की दोन्ही हात डोक्यावर घ्यायचा. गृहपाठ कधीच पूर्ण नसायचा. मी वडिलांना बोलावून तक्रार केली. त्यानंतर चार दिवस तो शाळेत आला नाही. घरात काय चालायचं, ते पुढे त्याच्या आईकडून कळलं. माझी ती तक्रार मला आजही बोचते. डीएडला बालमानसशास्त्र शिकले, पण हे ओळखायला शिकले नव्हते.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. त्यात संरक्षण अधिकारी आहेत, घरात राहण्याचा हक्क आहे. मुंबईत १९८४ पासून पोलिसांच्या सोबतीने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालतो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं राहिलं. सखी वन स्टॉप सेंटर आली. ही कामं मोलाचीच. पण खेड्यातली आई मजुरी बुडवून जिल्ह्याला किती वेळा जाणार? आणि मार थांबल्यावरही मुलाच्या मनात बसलेल्या भीतीचं काय?

माझं म्हणणं एवढंच, की ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक बसावा, तोही आठवडे बाजाराच्या दिवशी. म्हणजे "कुठं निघालीस?" याचं उत्तर बाईकडे तयार असेल. आईशी एकटीशी बोलावं. मुलाला चित्र, माती, खेळ यांतून मोकळं होऊ द्यावं. नवऱ्यासमोर बसवून "जुळवून घ्या" म्हणणं हा उपचार नव्हे. त्यानं घरी गेल्यावर मार वाढूही शकतो. मारणाऱ्याला जबाबदारी घ्यायला लावणारं काम वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसानं करावं.

कुणी म्हणेल, घरचं भांडण घरातच मिटावं. पण ते घरात राहतच नाही हो! दप्तरातून रोज वर्गात येतं.

तोवर आपण काय करायचं? मूल सांगेल ते ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका. परस्पर घरी जाऊन जाब विचारू नका. मुख्याध्यापकांशी बोला. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीला ११२ हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक लिहा. आणि गृहपाठाची तक्रार घरी पाठवण्याआधी त्या मुलाकडे एकदा नीट बघा. मी बघितलं नव्हतं.