लिव्हर नरम लागतोय? ऑइल ओतून पुढे जाऊ नका

मोटारसायकल चालवणाऱ्या, आणि विशेषतः घाटातून ये-जा करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. ब्रेक नरम लागला, लिव्हर नेहमीपेक्षा ग्रिपच्या जवळ यायला लागला, की आपण डबीत थोडं ब्रेक ऑइल ओततो आणि निघतो. तसं करू नका. मी तीन वर्षं तेच केलं.

श्रावणातली गोष्ट. पाटणहून चिपळूणला निघालो होतो, मागे भाऊ, टाकीवर पिशवी. कुंभार्ली घाट उतरताना माझा उजवा पाय सवयीने मागच्या ब्रेकवर टेकलेला. निम्मा घाट उतरलो आणि एका वळणावर पेडल सरळ खाली गेलं, उंबरठा आहे समजून पाय टाकावा आणि तिथे काहीच नसावं तसं. पुढचा ब्रेक होता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, म्हणून कडेला घेता आली. डिस्कवर पावसाचे थेंब पडले की चर्र आवाज येत होता. अर्ध्या तासाने पेडल आपोआप कडक झालं. गावात आल्यावर गॅरेजवाल्याने ते दाबून पाहिलं आणि म्हणाला, ‘काही नाही झालेलं.’ त्याचंही चूक नव्हतं, कारण तोवर पुरावाच गार झाला होता.

झालं होतं ते असं. ब्रेक ऑइल नावाला ऑइल आहे, पण ते तेल नव्हे. डॉट 3 किंवा डॉट 4 चं हे द्रव हवेतलं पाणी शोषून घेतं, मीठ पावसाळ्यात सादळतं तसं. मानकाप्रमाणे नवं डॉट 4 निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हमी 155 अंशांवर येते. ब्रेकवर सतत पाय ठेवून घाट उतरलं तर कॅलिपर तेवढा तापू शकतो. मग आतलं द्रव उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. गार झाल्यावर तिचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल शहाण्यासारखं वागायला लागतं. मी दर पावसाळ्यात व्हरांड्यातल्या त्याच अर्धवट, सैल झाकणाच्या बाटलीतून वरचेवर ओतत होतो, म्हणजे सादळलेल्यात सादळलेलं.

हवेचा खेळही तोच. इंजेक्शनच्या पिचकारीत पाणी भरा, टोकावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या रेटा. हलणार नाही. आता आत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा रेटा. दट्ट्या आत जातो, सोडला की परत येतो. गॅरेजवाले ‘एअर पकडली’ म्हणतात ती हीच. तुमच्या बोटांचा जोर पॅडपर्यंत पोचण्याआधी बुडबुडा दाबण्यातच संपतो.

पण नरम लिव्हर म्हणजे हवाच, असं धरून पाना घेऊ नका. आधी गाडी उभी करून लिव्हर घट्ट दाबा आणि मिनिटभर तसाच धरा. तो हळूहळू ग्रिपकडे सरकत गेला तर द्रव कुठेतरी निसटतंय. पाइपाचे जोड आणि कॅलिपर पुसून बघा. बाहेर कुठे ओल नसेल तर मास्टर सिलिंडरमधला रबरी कप गेला आहे. मग कितीही एअर काढा, उपयोग नाही, किट बदला. चार वेळा भराभर दाबल्यावर लिव्हर वर आला आणि कडक झाला तर बहुधा हवा आहे. लिव्हर दगडासारखा कडक, तरी गाडी थांबत नाही, असं असेल तर पॅड गुळगुळीत झालेत किंवा त्यांना तेल लागलंय. आणि डबीतली पातळी खाली गेली म्हणजे दर वेळी गळतीच असते असं नाही. पॅड झिजले की कॅलिपरमधले दट्ट्ये बाहेर सरकतात आणि द्रव त्यांच्यामागे जातं. अशा वेळी वरून ओतलं की झिजलेले पॅड लपतात, आणि नवे पॅड बसवताना तेच जादा द्रव डबीतून उसळून टाकीच्या रंगावर सांडतं. हे द्रव रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

एअर काढायला फार काही लागत नाही. कॅलिपरवरच्या एअर काढायच्या निपलला बसेल तो रिंग पाना (बहुतेक गाड्यांना 8 नंबरचा), माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक नळी, जुनी बाटली आणि सीलबंद नवं द्रव. कुठलं, ते डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. इंजिन ऑइलचा थेंबही आत जाऊ देऊ नका, रबरं फुगतात. सिलिकॉनचं डॉट 5 वेगळं, तेही यात चालत नाही. झाकणाचे दोन स्क्रू मऊ असतात. नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर वरून दाबून धरून फिरवा, नाहीतर स्क्रू स्लिप झाला की अख्खा दिवस त्यातच जातो.

हँडल असं वळवा की डबी सपाट येईल. निपलवर आधी पाना घाला, मग नळी, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या द्रवात बुडवा. लिव्हर तीन-चार वेळा दाबून दाबलेलाच धरा. निपल पाव फेरा सैल करा. लिव्हर ग्रिपला टेकेल, नळीतून चहासारखं तपकिरी द्रव आणि बुडबुडे येतील. आता निपल बंद करा आणि त्यानंतरच लिव्हर सोडा. हा क्रम उलटला तर बाहेर काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. जोडीला कुणी असेल तर एकाने ‘धरलं’ आणि दुसऱ्याने ‘बंद’ असं मोठ्याने म्हणावं. आमच्याकडे हे काम पुतण्या करतो. डबीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. झाकण उघडं असताना लिव्हर फटकन सोडू नका, डबीतून कारंजं थेट डोळ्यांत येतं. निपल आवळताना जोर लावू नका, कॅलिपरचे आटे गेले की खर्च वाढतो.

कॅलिपर काढून परत बसवला असेल तर निपल सगळ्यात वर आहे ना, बघा. हवा वर चढते. निपल खाली राहिलं तर लिटरभर द्रव घालवूनही ती आतच राहील.

एबीएसच्या गाडीला जरा सावध राहा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. नुसतं जुनं द्रव बदलायला अनेक गाड्यांत हीच रीत चालते, पण डबी कोरडी पडून एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर काही गाड्यांना सर्व्हिस सेंटरचं यंत्र लावावं लागतं. तिथे हट्ट करू नका. हाताला सवय नसेल तर साध्या गाडीचंही गॅरेजमध्ये करून घ्या, फक्त शेजारी उभे राहा आणि नवी बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. बहुतेक पुस्तिकांत दर दोन वर्षांनी द्रव बदलायला सांगितलेलं असतं. कोकणातल्या पावसात मी त्याहून आधी बदलतो. निघालेलं द्रव गटारात ओतू नका, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका.

सगळं करूनही लिव्हर किंचित नरम राहतो. मग हवा बहुधा मास्टर सिलिंडरजवळच्या बँजो बोल्टपाशी अडलेली असते. झाकण लावा, लिव्हर दाबून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने ग्रिपला बांधा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पट्टी सोडा, झाकण काढा, लिव्हर अगदी थोडा, बोटभर, हळूच दाबा आणि सोडा. डबीच्या तळाच्या बारीक भोकातून मोहरीएवढे बुडबुडे वर येतील. ते थांबेपर्यंत दाबत राहा. मग झाकण लावून अंगणात गाडी ढकलत दोनदा ब्रेक लावून पाहा, आणि त्यानंतरच किल्ली फिरवा.